चौदा महिन्यांची किल्ली

जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांची किल्ली
चौदा महिने माझ्या खिशात आहे.
खिसा दोनदा शिवून झाला.

बोल्लीकाका, ऐका माझं,
शेजारच्याला काय आले होते ते विसरा.
तो भाव त्याच्याबरोबरच पुण्याला गेला.
सगळं घर रंगवू नका, दार तेवढं रंगवा,
आणि माळ्यावरचं मागाचं सामान उतरवा आता.
बघायला येणारा पोरगा खोल्या मोजतो,
तुमची चाळीस वर्षं
त्याच्या टेपात बसत नाहीत.

आणि तुम्ही दोघं,
थंडीत कसलं घर बघता?
मे महिन्यात या, दुपारी दोनला,
चपला काढून गच्चीवर उभे राहा.
वरच्या मजल्याचा खरा भाव तळपाय सांगतील.
नळाला पाणी कितव्या दिवशी, हे मला विचारू नका,
मी एजंट आहे.
समोरच्या बाईंकडे जा,
त्यांच्या दारातली पिंपं मोजा.
बाजार पडलाय, मागा की कमी,
पण इतकंच, की उद्या सात रस्त्याला भेटलात
तर काकांनी चहाला थांबवावं.

काल काकूंनी त्यांना
कडक भाकरी न् शेंगाचटणी वाढली.
व्यवहार काही झाला नाही.
पोरगी निघताना खिडकीशी थांबली,
म्हणाली, इथं वारं येतं.
मी भाव बोलणार होतो,
जिभेवर आला होता.

जिना उतरून गेले ते.
काकूंनी ताटं उचलत विचारलं,
येतील का हो परत?
म्हटलं, मे महिन्यात.