डावी अनामिका

सकाळी सात, नाटे बंदर.
बर्फाची गाडी आली की बोटींना घाई सुटते
आणि त्या घाईतच मी फळीवरून
तोल सावरत चढतो,
पिशवीत काचा, सुया, स्पिरिटचा कापूस,
कानावर पेन्सिल.
"आला मलेरियावाला," कुणी खालून ओरडतं,
"बोटं लपवा रे!"
सगळे हसतात. मीही.

डाव्या हाताची अनामिका पुढे कर.
तिलाच टोचायचं, असं आम्हाला शिकवलंय.
पण जाळं ओढून ओढून
या बोटांना घट्टे पडलेले.
एकदा टोचून रक्त येत नाही.
दोनदा. तिसऱ्यांदा खलाशी असा बघतो
की मी त्याचं काही चोरतोय.
एक जाड थेंब, एक पातळ फराटा,
काचेच्या कडेला आकडा.
नाव? लालवीर.
आडनाव? नुसता हसतो.
गाव? समुद्र नसलेल्या मुलखातलं कुठलंसं.
वय? तांडेल परस्पर सांगतो, "बावीस लिवा."
गेल्या साली पण बावीसच लिहिलं होतं.

महिन्याला ठरल्या तेवढ्या काचा व्हायलाच हव्यात.
कमी पडल्या तर साहेबांचा फोन,
जास्त झाल्या तर लॅबमधल्या पेडणेकर मॅडमचा:
"अहो, मला डोळे दोनच आहेत."
आणि फोन तरी गावात कुठे लागतो?
पाखाडी चढून सड्यावर जायचं,
चिऱ्यांच्या ढिगावर उभं राहून
मोबाइल धरलेला हात उंच करायचा.
चरणारी गुरं मान वळवून बघतात.
माहिती जाते. कधी जात नाही.
मग पुन्हा सगळी नावं, सगळी वयं,
बावीस, बावीस, बावीस.

शुक्रवारी निकाल आला:
काच नंबर एकशे सोळा, व्हायवॅक्स.
बोट बुधवारीच गेलेली.

शौकत तांडेलाच्या घरी सांगून आलो,
वायरलेसवर निरोप द्या,
त्या पोराला थंडी वाजली तर बोट फिरवा.
त्याची आई म्हणाली, सांगते हां.
दोघांनाही ठाऊक होतं
डिझेल कुणाचं जळतं ते.
घरी बायकोनं सार दोनदा गरम केलं.

आठव्या दिवशी बोट लागली.
लालवीर म्हाकुळ निवडत होता, डोळे ओढलेले.
"बुखार आया था, चला गया।"
मी हिशेब मांडला:
या तीन दिवस, या बारक्या चौदा दिवस,
उपाशीपोटी नाही,
आणि लघवी काळी झाली तर लगेच बंद.
काळी म्हणजे किती काळी,
ते सांगायला त्याच्या हातातला कोरा चहा दाखवला.
त्यानं चहा ठेवूनच दिला.

डोळ्यांसमोर गिळायला लावाव्यात, असं परिपत्रक म्हणतं.
परिपत्रकाला पोहता येत नाही,
आणि बोट उद्या पहाटे पुन्हा निघणार.
"मी देईन," शौकत म्हणाला,
"केबिनच्या फळीवर खडूनं रोज एक रेघ मारीन."
मी विश्वास ठेवला.
दुसरं काय हातात होतं?

परतल्यावर मी आधी फळी बघितली.
नऊ रेघा.
दहावी अर्धी, तिच्यापुढे
मिठाचे पांढरे ओघळ.
"वारा फिरला हो," शौकत म्हणाला,
"गोळी कसली, मला माझं नाव आठवत नव्हतं."
लालवीरनं खिशातून प्लास्टिकची पुडी काढली.
उरलेल्या गोळ्यांचं पीठ झालेलं.

रजिस्टरात दोन रकाने: पूर्ण, अपूर्ण.
नऊ रेघा आणि एका अर्धीला रकाना नाही.
पेन उघडून मी तसाच बसलो,
तोवर माशीनं पानभर फेरी मारली.
शेवटी पिशवीतून नवी पाकिटं काढली.

"पहिल्यापासून?"
"पहिल्यापासून."
लालवीरनं शौकतकडे पाहिलं, शौकतनं ढगांकडे.
मग मी काही म्हणायच्या आत
त्यानं डावा हात पुढे केला,
बाकीची बोटं मिटून,
एकटी अनामिका माझ्यासमोर.
शेजारच्या बोटीवर बर्फ फोडायला लागले होते.