खारट, आंबट

घणसोली, तिसऱ्या मजल्यावरचं पोडियम,
म्हणजे गाड्यांच्या डोक्यावर अंथरलेली बाग.
घेवड्याचा वेल गुडघ्याएवढा होऊन थांबलाय,
पानं खालून जांभळी.
सेक्रेटरी म्हणतात, माळी पाणी घालत नाही.
हसुराम मढवी काही बोलत नाहीत,
ओला पाइप तेवढा उचलून दाखवतात.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुणारी.
बावीस वर्षं बाटल्या धुतल्या की
लेबलं वाचता येतात, मग हळूहळू मातीही.
एक रोप उपटलं, ओल्या रुमालात गुंडाळून
डब्याच्या पिशवीत ठेवलं, पोळ्यांना टेकून.

मूळ असं नसतं.
मूळ पांढरं असतं, केसाळ, हावरट.
हे आखूड, जाड, तपकिरी,
टोकाशी फुगलेलं, थंडीत आखडलेल्या बोटासारखं.
एका झाडाच्याच गाभ्यातून काढलेला रंग घातला.
टोक तेवढं निळं-जांभळं झालं.
मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, अॅल्युमिनियम.

मला हसू आलं.
आमची सरकती खिडकी अॅल्युमिनियमची,
गोळ्यांची पट्टी, चहाचं जुनं पातेलं.
मातीतही तो असतोच, म्हणाल्या,
मातीच्या पापुद्र्यांत मुकाट, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
माती आंबली की सुटतो
आणि नेमकं कोवळं टोक धरतो,
जिथून मूळ वाढायचं तिथेच.
चुनखडीचा अंश आत जाऊ देत नाही,
स्फुरद तर वाटेतच अडवून दगड करून टाकतो.
अन्न दारात, आणि दार बंद.

ही माती डंपरने आली होती,
कुठल्याशा जांभ्याच्या टेकडीची, दिसायला देखणी, तांबडी.
वेल वाढेना म्हणून सोसायटीनं युरिया ओतला, दोनदा.
माती आणखी आंबली.
आपण उपाय म्हणून किती काय ओततो.

संध्याकाळी हसुरामना सगळं सांगितलं.
भिंगातलं चित्र मोबाइलवर होतं,
त्यांनी फोन जवळ नेला, लांब नेला.
“म्हंजे ताट वाढलंय, पण तोंड भाजलंय.”
बावीस वर्षांत इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

मग बराच वेळ गप्प.
“खारं कळतं मला,” म्हणाले.
“खारभात केलाय, बांध घातलेत, भरतीच्या रात्री
चिखलात छातीपर्यंत उभा राहिलोय.
आंबट जमीन कधी चाखली नाय.”
चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकले.
चव नव्हती, पण त्यांचं समाधान झालं असावं.

मी सांगितलं, काही झाडं मुळातून लिंबासारखा रस सोडतात,
त्या रसात धातूला गुंतवून ठेवतात.
आंबटानं सोडलेलं आंबटच धरतं.
सगळ्यांना नाही जमत. घेवड्याला थोडं जमतं.
बाकी चुना.

रविवारी ते दिवाळ्याहून गोणी घेऊन आले,
शिंपल्या भाजून केलेला चुना, बोटांना चरचरणारा.
“बापानं खाडी अडवायला जन्म घालवला,” म्हणाले,
“आणि मी तीच तिसऱ्या मजल्यावर चढवतोय.”
वॉचमननं गोणीची वहीत नोंद केली.

महिन्यानं नवं बी टाकलं.
आता कमरेएवढा वेल आहे, पानं हिरवी, जरा अळीही.
मी म्हटलं, एक उपटून बघू या का मूळ,
खात्री होईल.
हसुरामनी पाइप खाली ठेवला.
“जेवतंय ना ते?
मग उठवायचं कशाला.”