फणसाचं ठिगळ

सुभेदार कासले टेम्पोतून अकरा बंदुका घेऊन आले,
गोणपाटात गुंडाळलेल्या, सुरमई आणावी तशा.
"कॉलेजच्या पोरांच्या कवायतीच्या आहेत, मेस्त्री.
नळीला भोक पाडलंय, उडत नाहीत.
लाकडं तेवढी बघा."

मी मचव्यांचा मेस्त्री. विजयदुर्गच्या खाडीत
माझ्या हातचे सतरा तरंगतात. एक बुडाला.
बंदूक कधी मांडीवर घेतली नव्हती.
घेतली,
तर लेकीच्या बाळाहून थोडी जड.

स्क्रू सोडवले, पितळी पट्ट्या सोडवल्या,
लोखंड एकीकडे मांडलं, लाकूड एकीकडे.
तेव्हा लक्षात आलं :
लोखंड सगळं समोरच्यासाठी असतं,
लाकूड आपल्या माणसासाठी.
इथे गाल टेकायचा, इथे खांदा,
ही खोबण बोटांना,
आणि वरची ही पातळ फळी
नळी तापल्यावर तळव्याला चटका बसू नये म्हणून.
कुणीतरी बसून एवढा विचार केला होता
मारणाऱ्याच्या हाताचा.

लाकूड आपल्याकडचं नव्हे. साग नाही, शिसव नाही,
किंजळ तर नाहीच.
रंध्याखाली वास आला, थंड, कडवट.
अक्रोड, म्हणाले कासले.
अक्रोड मी डब्यातला खाल्लाय,
झाड बघितलेलं नाही.

सातव्या बंदुकीच्या दस्त्याला बुडाशी झाकण होतं.
अंगठ्याने दाबलं, उघडलं.
आत तेलाची कुपी, रिकामी.
चिंधी.
आणि चिमूटभर वाळू.
आमची वाळू मी ओळखतो,
काळपट, जड, पायाला धरून घरात येते.
ही पिठासारखी. फुंकली असती तर गेली असती.
फुंकली नाही.

त्याच बंदुकीच्या पोटाला एक जोड होता,
बोटाएवढा, दुसऱ्याच लाकडाचा,
डाव्या हाताने बसवलेला
(छिन्नीची धाव उलटी होती, म्हणून कळलं).
केस जाणार नाही असा सांधा.
कुठल्या छावणीत बसवला, कुठल्या साली,
तोफा चालू असताना की जेवणाच्या सुट्टीत?
पलटणीचा नंबर पितळी बिल्ल्यावर ठोकलाय.
याचा नंबर कुठेच नाही.
मी त्या सांध्यावरून अंगठा फिरवला. दोनदा.
बाळा म्हणाला, "काय गावला काय?"
"भावकीतला एक," म्हटलं.

त्याच्या शेजारीच नवी चीर गेली होती.
अक्रोड कुठून आणू?
मचव्याच्या कामातला उरलेला फणस होता, पिवळाधमक.
तोच तासला, तोच बसवला,
उंडीचं तेल तीन वेळा मुरवलं,
वाळू होती तिथे ठेवली
आणि झाकण लावून टाकलं.

कासल्यांनी नाक मुरडलं.
"रंग जुळला नाही, मेस्त्री. लांबून दिसतंय."
"दिसू दे. फणस काळवंडतो.
दहा वर्षं पोरांचा घाम लागू दे त्याला."
मग बिलावर घासाघीस. दोनशे कमीच दिले.

सव्वीस जानेवारीला गेलो होतो,
कुंपणापाशी उभा राहिलो, सायकल हातात धरून.
सातवी बंदूक गिर्येच्या एका किरकोळ पोरीकडे आली होती.
पिवळा तुकडा मी लांबूनच हेरला.
हुकूम सुटला, तिने बंदूक उचलली,
आणि तळवा नेमका त्यावरच पडला.
मला काहीच दिसेना.