लहान अक्षरं

वेळापत्रकात ठळक छापलं होतं : सायगाव.
त्याखाली, मुंगीच्या पावलाएवढं : फू मी.
मी वरचंच वाचलं.
चष्मा केबिनमध्ये राहिला होता.

सकाळी शिडी उतरले तर शहर कुठेच नाही.
क्रेन, कंटेनरांच्या चवडी, एक पिवळी रेघ,
रेघेबाहेर पाऊल टाकायला मनाई.
पलीकडे नदी, चहाच्या गाळासारखी.
सहलीचे पैसे भरलेल्यांच्या बसा निघून गेल्या.
त्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं.
माझ्यासाठी नाही.
साडेचार म्हणजे साडेचार.

फाटकाबाहेर दहा-बारा टॅक्सीवाले
आणि एक टॅक्सीवाली. दिएप.
तिने आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवला,
मी तो पुसून माझा लिहिला,
तिने कपाळाला हात लावला, मी पाठ फिरवली,
आणि दोघींनाही जराशी फसगत वाटेल
अशा आकड्यावर येऊन थांबलो.

लाँग थान्हपाशी कंटेनरचा ट्रक आडवा पडला होता.
पाटी म्हणत होती, अजून त्रेचाळीस किलोमीटर.
मोटरसायकली फटीफटीतून पाझरत होत्या,
आम्ही मात्र ठार उभ्या.
शहाळंवाल्याने काचेवर टकटक केली,
पंधरा मिनिटांनी तोच पुन्हा आला, ओळखीचं हसला.
दिएपने बोटं मोडून हिशेब मांडला :
जायला इतके, यायला इतके,
मध्ये चर्च बघायला अकरा मिनिटं.
अकरा मिनिटांत मी काय चर्च बघणार?
देवाला नुसती हाक मारून परत यायचं?

तिने फोनमध्ये काही सांगितलं.
फोनमधली बाई लंगड्या मराठीत म्हणाली,
"बहीण आहे. मीठ आहे. जेवण आहे. जाऊ का?"

बा रियाच्या खाली आगरं पसरलेली,
आभाळ जमिनीवर वाळत घातल्यासारखी.
दिएपची थोरली बहीण, लियू,
गमबूट, तोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे,
लाकडी फावडं ओढत होती
आणि त्याचा आवाज,
तव्यावर उलथनं खरवडावं तसा.
मी चपला काढून आत पाऊल टाकलं.
ती ओरडली.
फोन म्हणाला, "मीठ तुमच्या पायांवर प्रेम करत नाही."
खरंच होतं. टाचेच्या भेगांनी लगेच सांगितलं.

झावळ्यांच्या सावलीत भात, मातीच्या भांड्यातला मासा,
मग कैरीच्या फोडी, मिठात कुटलेल्या मिरचीशी.
पहिल्या फोडीला माझा एक डोळा मिटला
तशी लियू पहिल्यांदा हसली,
फडकं खाली ओढून, दात दाखवून.
किलोला काय मिळतं, मी विचारलं.
तिने आकडा सांगितला. मी पुन्हा विचारलं.
मला वाटलं, फोन चुकला.
फोन चुकला नव्हता.

सकाळी फाटकाशी
मी जेवढ्यासाठी घासाघीस केली
तेवढ्यात किती टोपल्या बसतात
याचा हिशेब मी परतीच्या रस्त्यावर करत होते.
उतरताना दिएपला तिचा पहिला आकडा दिला.
तिने मोजला, वरचे पैसे परत केले.
ठरलं ते ठरलं.
मग डिकीतून दोन किलोची पिशवी काढून दिली,
तिचे मात्र घेईना.

सव्वाचार.
शिडीपाशी रखवालदाराने पिशवी यंत्रातून तीनदा फिरवली,
चिमूट जिभेवर ठेवून बघितली,
आणि जा म्हणाला.
लिफ्टमध्ये शेजारच्या केबिनमधले गृहस्थ,
हातात दिव्याच्या माळा, कपाळावर ऊन,
"कसं वाटलं सायगाव?"
"खारट," म्हणाले.
त्यांनी मान डोलावली. बिचारे दमले होते.

रात्री बिनखिडकीच्या केबिनमध्ये
मिठाला घाम सुटला.
खाली टॉवेल घातला, तोही भिजला.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
इथे तर मीठच मला जागवत बसलं होतं,
दर तासाला उठून पिशवी सारखी करत होते.

पहाटे दाराखालून उद्याचा कागद सरकला.
ठळक अक्षरांत : बँकॉक.
मी दिवा लावला, चष्मा शोधला,
आणि खालची ओळ वाचू लागले.