देणे बाकी

भाईंच्या कपाटात तळाशी सापडली लांबट वही,
वागळे इस्टेटमधल्या बल्बच्या कारखान्याची,
जिथे एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे पैसे मोजले.
कोरी होती म्हणून घरी आणली असणार.
आयुष्यातली एवढीच चोरी.

डावीकडे येणे, उजवीकडे देणे.
रुपयांचा रकाना रिकामा.

येणे फारसं नव्हतंच.
"टेंभी नाका, बोहरीकडे आपली शिडी."
त्यावर काट, पुढे बारीक अक्षरात:
"राहू दे, त्याला लागते."

देणे मात्र सहा पानं.
नवरा म्हणाला, वृंदा, असू दे ना आता.
मी पिशवी घेतली.

"उथळसर, सिल्वेस्टर. ब्रह्मकमळाचं पान."
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं.
तो म्हणाला, दर पावसाळ्यात द्यायचे, माझ्याकडे जगत नाही.
तरी भेटले की विचारायचे, काय म्हणतंय?
जसं शाळेत घातलेलं पोर.

"कोपरी, चेलाराम. रेडिओचा व्हॉल्व्ह."
बिस्किटांच्या डब्यात होता, कापसात.
रेडिओ तर केव्हाच भंगारात गेला, चेलाराम म्हणाला,
आणि व्हॉल्व्ह शर्टाला पुसून
वरच्या खिशात ठेवला.

"घंटाळी, ब्रिजवाले. एक डाव."
तिघं चौथ्या खुर्चीकडे न बघता बसलेले.
मला काही येत नाही म्हटलं, तर म्हणाले, नुसती धर.
सबनीसांनी बोली लावली, मी त्यांची डमी.
माझी तेरा पानं टेबलावर उघडी,
सबनीस हात लांब करून एकेक उचलत होते.
हरलो.
फिटलं, म्हणाले तिघंही, आणि चहा सांगितला चार.

येऊरला जान्यासाठी दुर्बीण, "एक रविवार".
जान्या हसायलाच लागला.
मी कशाला मागू? पाखरं त्यांना मीच दाखवायचो,
काचेतूनसुद्धा त्यांना फांदीच दिसायची.
मग हे देणं कुणी लिहिलं?
तरी त्याने दुर्बीण घेतली,
आणि माझ्याकडेच बघितलं तिच्यातून, बराच वेळ.

शेवटी चेंदणी.
"हिराजी नाखवा. गोष्ट, अर्धी राहिली."

बंदरावर तो जाळं विणत होता.
कंची गोष्ट, म्हणाला, मग आठवून सांगू लागला:
एक कारकून. बायको त्याला मीठ आणायला धाडते,
फोडणी झालेली, पाच मिनिटांत या म्हणते.
वाटेत त्याला हा भेटतो, तो भेटतो,
एकाची सायकल, एकाच्या पोरीचं लग्न,
दुकानाशी पोचतो तर फळी लागलेली.
मग तो दुकानदाराच्या घरी जातो, कडी वाजवतो, आणि...

आणि?
आणि भरती लागली. म्हणले, उद्या सांगतो.

मी खाडीकडे बघत बसले.
पान नव्हतं, व्हॉल्व्ह नव्हता, पिशवीत काहीच नव्हतं.

रात्री सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.
गोष्ट कसली डोंबलाची, म्हणाल्या,
मोठा पोटात होता तेव्हाची.
साडेदहाला आले. मीठ नाही.
दुकानदाराला घेऊन आले जेवायला.
अळणी आमटी दोघांनी मिटक्या मारत खाल्ली
आणि मी दारामागे उभी राहून रडले की हसले,
ते आता नक्की आठवत नाही.

ताट बाजूला सारून विचारलं:
चेंदणीला रिक्षा जाते ना थेट?
चष्मा शोधला, मग चप्पल.
अहो, उद्या, रात्र झालीय, मी म्हटलं.
उद्या म्हणे, त्या म्हणाल्या, उद्या, उद्या,
आणि पुन्हा बसल्या.

वहीतल्या त्या ओळीवर
मी अजून काट मारलेली नाही.