पट्टी

डंडीतल्या बुटांच्या दुकानामागे,
जिथं गिऱ्हाईक कधी येत नाही,
इशबेल पडली.

खोक्यावरून न कापता ओढून काढलेली
प्लास्टिकची पट्टी, तिचा फास.
सोमवारपासून तिथंच होता तो.
आम्ही सगळे ओलांडून जायचो.
मीसुद्धा.

पडताना तिनं हात टेकले नाहीत.
हातात शाळेचे बूट होते, तेरा नंबर;
बाहेर एक पोरगं
एका पायात नुसता मोजा घालून उभं.
बूट धड राहिले. कोपर नाही.

फर्गस फॉर्म घेऊन आला.
‘कारण’ या शब्दापुढे दोन बोटं जागा.
त्यानं लिहिलं : घाई.
कुणाची, त्याला रकाना नव्हता.
खाली साक्षीदार म्हणून सही माझी.

"झाले का त्याला?"
स्ट्रेचरवरून तिनं एवढंच विचारलं,
मग एक ठसठशीत शिवी हासडली,
बहुतेक फरशीला.

नाही झाले. अर्ध्या नंबरानं लहान.
ते परत फळीवर ठेवायला
शिडी मीच चढले.
उतरले तर पट्टी अजून तिथंच.
वाकून उचलली. कचऱ्यात टाकवेना.

रात्री बसमध्ये
पाससाठी खिशात हात घातला,
तर तीच आली हातात.
मागचे लोक खोळंबले.