इतिवृत्त

गुरुवार, संध्याकाळी साडेसात. चर्चमागचा हॉल, किलमोरन.
उपस्थिती एकशे बारा. हीटर एकच चालू,
लवकर आलेले सगळे त्याच्या बाजूला.
विषय: स्ट्रँड हॉटेल, आणि त्यात आणून ठेवलेली माणसं.

इतिवृत्त मी लिहिते. सोळा वर्षं झाली.
तुंबलेली गटारं, दिव्याचे खांब, मार्चमधली मिरवणूक.
वहीत आवाज उतरत नाही,
मुद्दे उतरतात.

डेक्लन म्हणाला, गावात डॉक्टर एक,
आईला दाखवायचं तर तीन आठवडे थांबा.
खरं आहे. लिहिलं.
कुणी म्हणालं, आम्हाला विचारलं का?
सरकारचं पत्र आलं तेव्हा बस दारात उभी होती.
हेही खरं. हेही लिहिलं.
फिडेल्मा म्हणाली, शाळेचा एक वर्ग बंद पडणार होता,
सहा मुलं आली, वाचला.
टाळ्या. थोड्या.

मग निवृत्त मास्तर उठले, काठी सावरत:
आपलेही गेले होते की बोटींतून, उपाशी,
परक्या धक्क्यावर...
मागून आवाज आला, मेलेल्यांना साक्षीला काढू नका, मास्तर,
त्यांना बोलता येत नाही म्हणून.
मास्तर खाली बसले.
मी 'हशा' असं लिहिलं, मग खोडलं.

कुणी 'लोंढा' म्हणालं.
एकेचाळीस माणसं.
ऑगस्टात आईस्क्रीमच्या गाडीपुढे याहून मोठी रांग असते,
पण चिटणिसाला मत नसतं.

अट्रॅक्टाला माईक लागत नाही.
हॉटेल तिच्या वडिलांचं होतं, बँकेने घशात घातलं,
अकरा वर्षं खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या.
ती म्हणाली, घर भरलं की माणूस कडी लावतो.
यात काळजाचा काय संबंध?
मोठ्या टाळ्या.

हॉटेलतर्फे दोन मिनिटं: श्री. हबतोम, इरिट्रिया.
टोपी हातात. बोलला आमच्याच भाषेत,
प्रत्येक शब्द आधी पाय टेकवून बघत.
मी रंगारी आहे, म्हणाला.
काम करायची परवानगी अजून नाही,
पण मॅनेजरने डबा दिला, ब्रश दिला,
नुसतं बसून हात दुखतात.
चौदा नंबरच्या खोलीत दाराच्या चौकटीवर
पेन्सिलच्या रेघा आहेत. रेघांपुढे वर्षं.
एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर.
आणि एक अक्षर. ए.
त्यावर रंग मारू का,
हे कुणाला विचारायचं, मला कळलं नाही.

हीटरची घरघर.

आणि माफ करा, म्हणाला,
माझ्या मुलीने शेजारी तिची रेघ ओढली आहे.
मला उशिरा दिसली.

अट्रॅक्टा खुर्चीतूनच म्हणाली:
केवढी आहे?

त्याला सेंटिमीटर आठवेनात, की इंच,
की आमच्याकडे काय चालतं ते.
त्याने टोपी बगलेत धरली
आणि तळवा हवेत आडवा केला,
कमरेच्या जरा वर,
मग पुन्हा बोटभर खाली,
अगदी बरोबर व्हावं म्हणून.

सोळा वर्षांत प्रथमच मला लिहायला शब्द मिळेना.

अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली. मतदान.
विरोधात: एकसष्ट. बाजूने: सदतीस.
बाकीच्यांनी हात वर केले नाहीत,
म्हणजे एका अर्थी त्यांनीच केले.
अट्रॅक्टाचा हात एकसष्टांत होता.
मी नीट पाहिलं. सरळ, कोपरात न वाकलेला.

ठराव सरकारला जाईल. सरकार पोच देईल.

नंतर खुर्च्या रचताना ती त्याच्याजवळ गेली.
काय बोलली, ऐकू आलं नाही,
आणि सभा संपल्यावरचं इतिवृत्तात घेत नाहीत.
दोघांनी एक लांब बाक उचलला,
एक टोक तिच्याकडे, एक त्याच्याकडे,
दारातून तिरका काढावा लागला.

चौकटीच्या रंगाबाबत: चर्चा झाली.
निर्णय नाही.